कॅलेंडरच्या पाठीवरची वस्ती

ये, अशी जवळ बस बाई. तू साता समुद्रापलीकडं आहेस, ते ठाऊक आहे मला. पण मी लिहायला बसले की तू शेजारीच असतेस. आणि आधी हे ऐकून घे. आईचा फोन आला की 'दोनच मिनिटं हं' म्हणायची तुझी खोड चांगली नाही. दोन मिनिटांत माझं खोकूनसुद्धा होत नाही. तुझी लेक तुझ्यापेक्षा शहाणी. दर शनिवारी अर्धा तास देते मला आणि इंग्रजी शिकवते.

मी चौथी शिकलेली. पुढचं सारं वाचलं ते कापूस वेचून आल्यावर, विहारातल्या वाचनालयात. इंग्रजी मात्र राहून गेलं. तू पोरीला दोन वर्षांची असताना घेऊन गेलीस. तिला मराठी कळतं, पण बोलायला गेली की अडखळते. आजी-नातीनं नुसतं हसत एकमेकींकडं बघत किती वेळ काढायचा? म्हणून सत्तरीत वही उघडली.

सध्या पुढं घडणाऱ्या गोष्टींचं चाललंय. उद्या काय करणार, याची पाच वाक्यं रोज लिहायची. मी वाचलं, 'आय विल कुक वरण.' तर मास्तरीणबाई विचारतात, आत्ता ठरवलं की आधीच? म्हटलं, डाळ तर सकाळीच निवडून ठेवली. 'मग गोइंग टू म्हण, आजी.' मला हे पटलं. जिची तयारी झाली आहे तिचं बोलणं निराळंच असणार.

तर गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी तिनं फोनवरच्या नकाशात आपलं गाव शोधलं. शाळा दिसली, देऊळ दिसलं, बसथांबा दिसला. नाल्याच्या अलीकडं, आपली वस्ती आहे तिथं, नुसता करडा रंग. 'देअर इज नथिंग देअर, आजी,' ती म्हणाली. लेकराच्या मनात काही नव्हतं. पण फोन ठेवला आणि मी उठून दारात आले. सारी वस्ती जागच्या जागी होती.

वाचनालयात नकाशांच्या इतिहासाचं एक जाड पुस्तक आहे. पोरं चित्रं बघतात आणि ठेवून देतात. ते मी घरी आणलं, पंधरा दिवस वाचलं. फार जुन्या काळी कुणी मातीच्या पाटीवर सारं जग कोरलं होतं. आपलं शहर आत आणि भोवती गोल समुद्र. कुणी पूर्व वर धरायचे, कुणी दक्षिण. जिथलं काही ठाऊक नाही तिथं समुद्रात अक्राळविक्राळ जनावरं काढून मोकळे. मला हसूच आलं. म्हणजे एवढे मोठे लोकही आपल्या दारातूनच जग बघत होते. मग मी कुणाची वाट बघत होते?

जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं. वर सातपुडा काढला, कारण मान वर केली की तोच दिसतो. आणि पावलं मोजायला बाहेर पडले. तुझी काकू दारात भांडी घासत होती.

"बाई, कायले मोजून राह्यल्या? मोजणीदार झाल्या का तुम्ही?"

"नातीले घर सापडत नाही. नकाशा काढून राह्यली."

"मंग माहं घर मोठं काढा. मांगच्या खेपेले तिनं पुरणपोळी माह्याच घरी खाल्ली होती."

मागच्या खेपेला पोरगी नुसत्या दूधभातावर होती, पण तुझ्या काकूशी कोण वाद घालणार? तासाभरात सारी गल्ली गोळा झाली. एकीला हातपंप पाहिजे, एकीला तिची शेळी. मी नाल्याजवळ लिंबाचं झाड काढलं तर काकूनं हात धरला.

"तो लिंब तर कवाचा तोडला."

"राहू दे. पोरीची माय त्याच्याखाली अभ्यास करे."

तिनं हात सोडला. लिंब राहिला.

पान भरलं तेव्हा चूक कळली. नांदुऱ्याचं स्टेशन बोटाएवढंच झालं, सोनाळा गाव कोपऱ्यात दाटीनं बसलं, आणि मी चाळीस वर्षं निंदलेलं वावर अर्धं पान खाऊन बसलं. खोडणार होते. पण पुस्तकातल्यांनीही तेच केलं होतं, म्हणून ठेवलं तसंच. काकूच्या मुलानं फोटो काढून धाडला.

तू तेव्हा म्हणालीस, 'छान आहे आई. यायचं बघू.' सात वर्षं तुझं 'बघू' ऐकते आहे. रागावत नाही, दवाखान्यातली नोकरी, सुट्टी मिळत नाही, सारं समजतं. पण पोरीनं काय केलं ते तुला ठाऊक आहे का? तिनं तो नकाशा रंगवला, उशाशी लावला आणि शनिवारी बोट ठेवून विचारलं, 'आजी, व्हेअर विल आय स्लीप?'

अर्ध्या पानावर वावर काढलं, शेळी काढली, आणि लेकराला झोपायला जागा काढली नव्हती.

मी तिला थांबवलं, पेन्सिल आणली आणि तिच्यासमोर आपल्या घराच्या चौकोनात, माझ्या खाटेला चिकटून, एक लहान खाट काढली. लाकडी पेटीत ठेवलेली गोधडी दुसऱ्या दिवशी उन्हात घातली, घरातल्या लहान खाटेची नवार ओढून घेतली. आता वहीत रोज तेच वाक्य लिहिते, 'यू आर गोइंग टू स्लीप हिअर.' ती म्हणते, बरोबर आहे.

नांदुऱ्याला उतर. पुढचं सारं पोरीला पाठ आहे, ती आणील तुला. थंडी पडायच्या आत ये बाई.