आईच्या नावाने तल्कीन

आखाती लढाईच्या दिवसांत सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या कॅम्पात माझ्या शेजारच्या खाटेवर फिलिपाइन्सचा एक मोरो मुसलमान होता. तोही प्लंबर, मीही. पहिला भोंगा वाजला तेव्हा मी गॅसचा मास्क उलटा घातला नि कलमा पढत सुटलो. त्याने तो सरळ केला. मोडक्या अरबीत म्हणाला, "तुला मारायला मिसाईल कशाला? तूच पुरेसा आहेस!"

तो गावाचं सांगत बसायचा. डोंगरातलं, तळ्याकाठचं, थंड. "ये एकदा. आई पितळी घंटा वाजवून घरात घेईल."

गेलो, पण एकटाच. लढाई संपायच्या आधीच त्याला ट्रकने उडवला आणि तिथेच वाळूत पुरला. सुट्टी मिळाल्यावर त्याची लुंगी घेऊन मी आधी त्याच्या गावी गेलो.

धुकं, मशिदी, घरांच्या तुळयांना कोरलेले नाग. गाव एवढं शांत, की माझ्या फटफट वाजणाऱ्या चपलांची मलाच लाज वाटली. घरातल्या घंटा कापडाने झाकलेल्या होत्या.

त्याचा मामा जेद्दाला राहून आलेला, तो आईचं बोलणं अरबीत सांगायचा. तिने पहिलंच विचारलं, "तल्कीन कोणी दिली?"

मय्यत पुरल्यावर कबरीपाशी बसून सांगायचं, फरिश्ते विचारतील, तुझा रब कोण, दीन कोणता; घाबरू नको, असं उत्तर दे. आमच्या कोकणात देतात, त्यांच्यातही. सौदीत चालत नाही.

"मीच दिली," म्हटलं. "तिथला माणूस यल्ला, खलास, चला, संपलं, असं ओरडत होता. मी चपलेतली वाळू झाडत मागे राहिलो. मी मदरशातनं पळालेला, अरबी येते ती नळापाइपापुरती. म्हणून आमच्या कोकणी बोलीत दिली."

"हाक कुणाचा मुलगा म्हणून मारलीस?"

तल्कीनमध्ये आईचं नाव घेतात. सौदीतल्या राहण्याच्या परवान्यावर, इकाम्यावर, तर बापाचं.

"तुमचं नाव ठाऊक नव्हतं, आई. ठाऊक नसलं की सगळ्यांच्या आईचं, हव्वेचं घेतात. तेच घेतलं."

मग तिने आपलं नाव सांगितलं. माझी जीभ अडखळली, तिने पुन्हा म्हणायला लावलं. जमलं तेव्हा लुंगी चटईवर पसरली, सुरकुत्या काढल्या, नि मनगटाला धरून मला लुंगीच्या उशाकडे बसवलं.

"आता दे."

मी तिच्या मुलाला तिच्या नावाने हाक मारली. "घाबरू नको रे. विचारतील. येतं तेवढं सांग."

कुणाला अक्षर कळलं नाही. मामा अर्थ विचारायला लागला, तर आईने हात वर करून त्याला थांबवलं.