नऊ एमएम, खाली

हुतात्म्याच्या गोळीवर त्याचं नाव आधीच लिहिलेलं असतं, असं सावर्ड्याजवळच्या एका वाडीत स्मारकाच्या उद्घाटनाला सरपंच म्हणाले. टाळ्या पडल्या. मी बावीस वर्षं इन्फंट्रीत होतो, त्यातली काही वर्षं शस्त्रांचा इन्स्ट्रक्टर. काडतुसाच्या बुडावर कारखान्याची अक्षरं, कॅलिबर आणि साल असतं. नावाला तिथे जागा नाही.

स्मारक लान्स नायक विलास कदमचं. दगडावर 'शत्रूशी लढताना' असं कोरलंय. त्या दिवशी शत्रू कुठेच नव्हता.

सतरा वर्षांपूर्वी आमची पोस्ट जम्मूच्या डोंगरात होती. मी हवालदार, विलास माझ्या सेक्शनमध्ये. मी खेडचा, तो सावर्ड्याचा. आदेश हिंदीत, गप्पा मराठीत.

त्या आठवड्यात मी नऊ एमएमवर क्लास घेतला होता. ही गोळी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीत जन्मली. आधीचं काडतूस बाटलीच्या आकाराचं होतं, गोळी बारीक. गिऱ्हाईक सैन्यांना ती अपुरी वाटली. डिझायनरने बाटलीची मान काढून तोंड नऊ मिलीमीटर केलं. बूड तेच ठेवलं, त्यामुळे पिस्तुलाची नळी तेवढी बदलावी लागली. गोळीचं नाक आधी चपटं होतं, पुढे गोल झालं. नाव पॅराबेलम, लॅटिनमध्ये अर्थ युद्धाची तयारी कर. मग जर्मनीच्या शत्रूंनीही तीच गोळी आपल्या स्वस्त कार्बाइनमध्ये घातली, म्हणजे पकडलेला साठा वाया जायला नको. इंग्रजी कार्बाइनबरोबर ती आमच्याकडे आली. मूळ पिस्तूल संग्रहालयात गेलं, गोळी नोकरीत राहिली.

सकाळी सहाला गस्त निघाली, नऊ चाळीसला परतली. गेटपाशी वाळूच्या पोत्यांचा खड्डा असतो. तिथे नळी खड्ड्याकडे धरून शस्त्र रिकामं करायचं आणि मगच आत जायचं. विलासच्या डोक्यात अजून क्लासच होता.

"हवालदारसाहेब, म्हंजे बाटलीची मान काढलान नि पेला केलान?"

"तसंच."

"आणि ह्याला जर्मनीचा इंजिनिअर? आमचा नाक्यावरचा गॅरेजवाला अर्ध्या तासात करील!"

"तू आधी तुझा बोल्ट साफ ठेवायला शिक."

तो हसला. तेवढ्यात कॅप्टनसाहेब येताना दिसले. मी आवाज चढवला.

"कार्बाइन खाली!"

पूर्ण आदेश 'खाली कर' असा आहे. मी घाईत अर्धा दिला. हिंदीत खाली म्हणजे रिकामी. मराठीत खाली म्हणजे खाली, आणि विलास त्या क्षणी मराठीत होता. त्याने कडक सावधान होऊन कार्बाइनचा दस्ता खडकावर आपटून ठेवला.

त्या कार्बाइनचा बोल्ट जड असतो. मॅगझिन लावलेलं असताना दस्ता आपटला तर बोल्ट झटक्याने मागे जातो आणि पुढे येताना गोळी उचलून उडवतो. गोळी हनुवटीखालून शिरली. वेळ नऊ त्रेचाळीस.

मी रेडिओ घेतला.

"वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"दुश्मन का फायर? ओव्हर."

"नहीं. अपना. ओव्हर."

"अपना मतलब? ओव्हर."

मी सेट खाली ठेवला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी दिलेला आदेश जसाच्या तसा सांगितला. तीन अधिकारी, मराठी एकही नाही. निष्कर्ष निघाला: मृताने स्पष्ट आदेश पाळला नाही. घरीही तेच कळवलं गेलं. मी सही केली. पुढच्या वर्षी नायब सुभेदार झालो.

उद्घाटनानंतर विलासची आई माझ्याजवळ आली.

"लहानपणापासून कुणाचं ऐकायचा नाय. तुमचं ऐकलान असतान, तर आज माझ्यापाशी असता."

मग मी तिला त्या एका शब्दाचे दोन अर्थ सांगितले. तिने दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं.

"म्हंजे ऐकलान त्यानं."

"हो."

"सतरा वर्षं त्याच्या फोटोला शिव्या घालत्ये मी. तुमी तेव्हा का नाय बोललात?"

तिने माझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि आत गेली.

त्या गोळीची पितळी केस मीच उचलली होती. बुडावर कारखान्याची अक्षरं, नऊ एमएम आणि साल. नियमाप्रमाणे स्टोअरला जमा केली. रिकाम्या केसला फौजेत जे म्हणतात, तेच चिठ्ठीवर लिहिलं: खाली खोखा, एक.