मेणावरचा नाच

माझ्या धाकट्या बहिणीची बस चुकली तर त्यात देवाचा हात असतो. दूध नासलं, छत्री हरवली, पायात काच घुसली, तरी तोच हात. एकदा वैतागून मी म्हटलं, "देवाला दुसरी कामं नाहीत का गं?" तर म्हणे, "आहेत की ताई. त्यातूनच माझ्याकडेही बघतो." ती नाचते, मुलांना नाच शिकवून पोट भरते. मी शिवणकाम करते. तिचे पोशाख शिवायचे आणि टाचण्या तोंडात धरून तिची बडबड ऐकायची, हे माझ्या वाट्याला आलेलं.

पप्पांचं मात्र तिच्या नाचाशी हाडवैर. चाळीस वर्षं ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवतायत. त्यांचं ठरलेलं वाक्य, "देवापुढे गुडघे टेकायचे असतात, उडवायचे नसतात." बारा वर्षांत त्यांनी तिचा एकही कार्यक्रम पाहिला नाही. पप्पांनी एकदा बघावं, एवढंच तिला हवं होतं. त्यापायी ती किती रडलीय ते मला ठाऊक आहे.

मग नवे पाळकसाहेब आले आणि त्यांनी तिला रविवारच्या उपासनेत एका गीतावर नाचायला सांगितलं. गीत पप्पांच्या नेहमीच्या वाजवण्यातलं, पण तिने रेकॉर्ड केलेली भरधाव चाल निवडली. पप्पांची चाल इतकी संथ, की एक कडवं संपेपर्यंत दुसऱ्या चर्चची माणसं घरी जाऊन जेवायला बसतात.

आमचा ऑर्गन भिंतीकडे तोंड करून आहे. पाळकांची खूण दिसावी म्हणून वर एक छोटा आरसा लावलाय. त्या रविवारी पप्पांनी तो छताकडे वळवून ठेवला. माझ्या तोंडावर शिवी आली होती, चर्च म्हणून गिळली.

त्यात झाडलोट करणाऱ्या मावशींनी, आपल्या चर्चची पोर नाचणार म्हणून, पहाटे येऊन पुढची लाकडी जमीन मेण घासून चकाचक केली. जीव लावून केलेलं काम, पण नाचणाऱ्याला ती जमीन म्हणजे ओला साबण. गाणं लागलं, दुसऱ्याच गिरकीला धाकटीचा पाय सटकला आणि ती सगळ्यांदेखत धपकन खाली बसली. कुणीतरी फिसकन हसलं. मावशींचा चेहरा पांढराफटक पडला.

ती उठली. गाणं बंद करायला सांगितलं आणि ऑर्गनकडे वळली. "पप्पा, ही चाल इथे जमणार नाही. तुमच्या चालीत वाजवाल का?"

पप्पा नाही म्हणतील, अशी माझी खात्री होती. पण त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

पहिल्याच ओळीत पप्पा पुढे निघून गेले आणि घसरू नये म्हणून जपून पावलं टाकणारी ही मागे राहिली. नाचणाऱ्याला साथ करायची तर त्याच्याकडे बघावंच लागतं. पप्पा थांबले. हात वर करून त्यांनी आरसा खाली वळवला आणि ओळ पुन्हा धरली.

मग ती नाचली. उडी नाही, गिरकी नाही. पाऊल चाचपून टाकायची, आणि ते नीट टेकेपर्यंत पप्पा सूर धरून ठेवायचे. मी तिचे शंभर नाच पाहिले असतील, असा एकही नाही. प्रार्थना अशीही दिसते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

उपासना संपल्यावर मावशी माफी मागायला आल्या. धाकटीने त्यांना मिठीच मारली. "मावशी, यात देवाचा हात होता." मी म्हटलं, "मेणाचा डबा मावशींच्या हातात होता." मावशी रडता रडता हसल्या.

पप्पा ऑर्गन झाकून आले. तिच्याकडे न बघता चष्मा पुसत म्हणाले, "तिसऱ्या कडव्यात घाई केलीस. मंगळवारी ये, नीट बसवू."

ती रडायलाच लागली. माझेही डोळे भरले होते, पण कुणीतरी बोलायला हवं होतं.

"येईल ती, पप्पा," मी म्हटलं.