शुक्रवारचा फोन

फोन वाजला की बाई आधी बसायच्या. हात कणकेने भरलेले असोत की केस ओले असोत, त्या फोनजवळच्या लाकडी स्टुलावर नीट टेकायच्या, पदराला हात पुसायच्या आणि मगच रिसीव्हर उचलायच्या. “बोला, ऐकतेय मी.”

एवढं बसायचं काय असतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, “उभ्याने घेतलेला फोन समोरच्याला कळतो. त्याला वाटतं, हिला घाई आहे. मग तो कामापुरतं बोलतो आणि खरं सांगायचं ते राहून जातं.”

डोंबिवली पश्चिमेला तळमजल्याच्या दोन खोल्यांत बाई एकट्या राहायच्या. पालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्या भागात निघणाऱ्या प्रत्येक पत्रकाच्या तळाला ‘संपर्क’ असं लिहून त्यांच्या घरचा लँडलाइन नंबर छापलेला असायचा. पाण्याचं पत्रक असो, रेशनचं असो, झोपड्या पाडण्याविरुद्धचं असो की सासरी छळ होणाऱ्या बायकांसाठीचं असो, नंबर तोच. मजकूर माझे बाबा लिहायचे, बाई तपासायच्या आणि घड्या मी घालायचे. मला अक्षरओळख झाली ती त्या गठ्ठ्यांवर बसून. पाढ्यांच्या आधी बाईंचा फोन नंबर पाठ झाला.

पुढे मी स्वतः पत्रकं लिहू लागले तेव्हा बाईंची लाल पेन्सिल माझ्यामागे लागली. माझ्या पहिल्या पत्रकात सतरा उद्गारचिन्हं होती. त्यांनी सगळी काढली.

“अहो बाई, राग दिसायला नको?”

“राग दिसू दे. पण ओरडणाऱ्या माणसाला कोणी फोन करत नाही गं.”

त्यांना मात्र सगळे फोन करायचे. एक गृहस्थ दर महिन्याला दूध डेअरी समजून तक्रार करायचे. बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या, डेअरीचा खरा नंबर द्यायच्या आणि वर विचारायच्या, “नातीचा ताप उतरला का?” आलेला फोन आपण आधी ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम होता. “ज्याने केला, त्यानेच ठेवायचा.”

विठ्ठलवाडीच्या शिलाई कारखान्यांबाहेर आम्ही छळाविरुद्धचं पत्रक वाटलं, त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक फोन येऊ लागला. शुक्रवारी दुपारी, दीडच्या सुमारास. पलीकडून कोणी बोलायचं नाही. मी भडकले. ब्लँक कॉल करणाऱ्यांची मला चीड होती. म्हटलं, पोलिसांत तक्रार देऊ, नंबर दिसणारं यंत्र बसवू.

“अजिबात नाही,” बाई म्हणाल्या. “बांगड्या वाजल्या मागे. बाई आहे ती. आणि आपण तिला शोधायचं नाही. तिने आपल्याला शोधलंय.”

शुक्रवारी आपल्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे तुम्हाला सांगायला नको. बाईंनी त्यावरून अंदाज बांधला होता. त्या फोनमागे पंख्याचा आवाज नसायचा, टीव्हीचा नसायचा. लाइट गेली की कारखाना तेवढा वेळ थांबत असेल, उकाड्याने घरातली माणसं खाली जाऊन बसत असतील आणि तेवढाच वेळ तिला घर रिकामं मिळत असेल. म्हणून शुक्रवारी दुपारी बाईंच्या फोनला कोणी हात लावायचा नाही. कोणाला करायचा नाही, उचलूनही बघायचा नाही. लाइन मोकळी हवी.

बाईंनी तिला एक रीत शिकवली. हो म्हणायचं असेल तर रिसीव्हरवर नखाने एक टिचकी, नाही म्हणायचं असेल तर दोन. मी शेजारी बसून ऐकायचे.

“जेवलीस का?” पलीकडून बारीक टक्.

“आज हात उगारला?” टक् टक्.

“बरं झालं. मी आज काय केलंय सांगू? वालाचं बिरडं.” टक्.

आणि मग बाई तिला बिरड्याची कृती सांगत बसायच्या. माझा संताप व्हायचा. आम्ही एवढी पत्रकं काढतो ती काय बिरडी शिकवायला? “बाई, तिला सांगा ना, बाहेर पड म्हणून!”

“सांगून बाहेर पडण्यासारखं असतं तर तुझी पत्रकं वाचूनच पडली असती.”

असं सात-आठ महिने चाललं. मग एका शुक्रवारी बाईंनी मला हाताने जवळ ओढलं आणि रिसीव्हर दोघींच्या कानांमध्ये धरला. पलीकडे कोणीतरी खोल श्वास घेतला. “बाई, पुढच्या शुक्रवारी पत्ता सांगते. तुम्ही याल?”

“येईन,” बाई म्हणाल्या. “तू म्हणशील तेव्हा.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. मगच बाईंनी रिसीव्हर ठेवला.

आता माझं सांगते. बाईंची लाइन जुनी होती. खरखरायची, पावसात आठवडा आठवडा मुकी व्हायची. तक्रार केली की कोणी फिरकायचं नाही. मीच त्यांच्या मागे लागले होते की ही तार काढून टाका, नुसतं ब्रॉडबँड घ्या, फोनही इंटरनेटवरून चालेल, आवाज स्वच्छ येईल. बाईंची एकच अट होती. “पत्रक परत मागवता येत नाही. कोणाच्या डब्यात, कोणाच्या कॅलेंडरमागे माझा नंबर असेल. नंबर तोच राहिला पाहिजे.” त्यासाठी मी ऑफिसांत खेटे घातले, भांडले, दोन अर्ज स्वतः लिहिले. नंबर तोच मिळाला. मला केवढा अभिमान वाटला होता.

जोडणीची तारीख नेमकी त्याच आठवड्यात आली. बाई म्हणाल्या, “शुक्रवारच्या आत होईल ना? नाहीतर पुढे ढकल.”

“मंगळवारीच होईल, बाई. निर्धास्त राहा.”

मंगळवारी झालीसुद्धा. फायबरवाल्याने कपाटावर पांढरा डबा बसवला, त्याला बाईंचाच जुना फोन जोडला. मी मोबाइलवरून रिंग देऊन पाहिली. बाई बसल्या, उचलला, म्हणाल्या, “अगं, तू तर शेजारी असल्यासारखी ऐकू येतेस.” मी शेजारीच होते. दोघी हसलो. लुकलुकणारे दिवे त्यांना आवडले नाहीत, म्हणून त्यांनी डब्यावर विणलेला रुमाल घातला.

त्या शुक्रवारी फोन आला नाही. बाई सकाळपासून चप्पल दाराशी तयार ठेवून, पिशवीत एक साडी भरून बसल्या होत्या. दोन वाजले, तीन वाजले. पुढच्या शुक्रवारीही आला नाही.

तिसऱ्या शुक्रवारी मी म्हटलं, “सुटली असेल, बाई. माहेरी गेली असेल.”

“निरोप दिल्याशिवाय?”

“घाईने निघावं लागलं असेल.”

मला ते खरं वाटत होतं. चौथ्या शुक्रवारी बाईंनाही वाटू लागलं. त्यांनी तिच्या नावाने, म्हणजे नाव माहीत नसलेल्या तिच्या नावाने, शिरा केला. वेलची घातलेला. आम्ही दोघींनी वाटी चाटूनपुसून खाल्ला.

पाचव्या शुक्रवारी मी ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या छापखान्यात होते. एका ओळीवर अडले. तो फोन आता येत नाही, मग नियम कशाला पाळायचा, असं म्हणून मी दुपारी बाईंचा नंबर लावला. ‘हा क्रमांक सध्या उपलब्ध नाही.’ पुन्हा लावला. तेच. तिसऱ्यांदा लावला.

छापखान्याचे मालक कागद मोजता मोजता म्हणाले, “अहो, लाइट नसेल तिकडे. शुक्रवार आहे.”

मी ती ओळ तशीच सोडून स्टेशनकडे निघाले.

लाइट गेली की नेट जातं, हे मला माहीत होतं. कोणाला माहीत नाही? फोन म्हणजे आता नेटच आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जुन्या तारेत टेलिफोन एक्स्चेंजकडून स्वतःची वीज यायची. घर अंधारात असलं तरी ती खरखरणारी, पावसात भिजणारी तार शुक्रवारी जिवंत असायची. तिच्या घरची लाइट जायची तेव्हाच बाईंच्या घरचीही जायची. तिला बोलायला जी वेळ मिळायची, नेमक्या त्याच वेळी मी बाईंचा फोन बंद पाडला होता.

मी डोंबिवलीला पोहोचले तेव्हा लाइट आली होती. बाई भाजी निवडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. बाईंनी मला बसायला लावलं आणि पुन्हा सांगायला लावलं.

“म्हणजे ती करत होती,” त्या म्हणाल्या. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. मग म्हणाल्या, “आणि मी नव्हते.”

त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. मीच भांडण व्हावं म्हणून धडपडत होते.

मी डब्याला बॅटरी आणून लावली. पुढच्या शुक्रवारी अंधाऱ्या खोलीत हिरवा दिवा जळत राहिला. फोन वाजला नाही. मग बाईंनी आयुष्यातलं एकच पत्रक स्वतः लिहिलं. नवऱ्याच्या हाती पडलं तरी तिच्यावर बालंट येऊ नये, असं. ‘आमचा फोन काही शुक्रवार दुपारी बंद होता. चूक आमची. आता चालू आहे. बोलायलाच हवं असं नाही.’ खाली नंबर.

ते पत्रक बाईंनी विठ्ठलवाडीत स्वतः वाटलं. सलग नऊ दिवस, कारखाने सुटायच्या वेळी. कागद देताना प्रत्येकीच्या बांगड्यांकडे पाहायच्या. शेवटच्या दिवशी एका बाईने पत्रक वाचलं, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि वर न बघता निघून गेली. बाई तिच्या पाठीकडे पाहत राहिल्या. “हाक मारू?” मी विचारलं. त्यांनी मान हलवली. “आपण शोधायचं नाही.”

फोन त्यानंतरही आला नाही.

चार महिन्यांनी बाईंना झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. ठाण्याच्या इस्पितळात मी त्यांच्या डाव्या हाताशी बसायचे. पाणी हवं का? पलंगाच्या लोखंडी दांड्यावर टक्. दुखतंय का? टक् टक्. रीत त्यांचीच.

एका सकाळी माझ्याने राहवलं नाही. “बाई, तुम्ही रागावलात माझ्यावर?”

टक्.

मी दुसऱ्या टिचकीची वाट पाहिली. बोट दांड्यावरच होतं. ते हललं नाही. माझं मन राखायला बाई कधी खोटं बोलल्या नव्हत्या. आताही बोलल्या नाहीत. मी रडायला लागले तेव्हा त्यांनी त्याच हाताने माझं मनगट धरलं, त्यावरचं घड्याळ माझ्यासमोर वळवलं आणि नजरेने दार दाखवलं. मला कळेना. पुन्हा दार दाखवलं, जोराने. तेव्हा आठवलं, आज शुक्रवार.

मी निघाले. दीड वाजता बाईंच्या घरी, फोनजवळ होते. त्याच दुपारी बाई गेल्या, तेव्हा मी तिथेच होते. इस्पितळाने मला मोबाइलवरच कळवलं. तो फोन मी उभ्याने घेतला.

आता ती जोडणी माझ्या घरी आहे. नंबर तोच, स्टूलही तेच. शुक्रवारी लाइट जाते, पंखा गरगरत थांबतो, खालून कट्ट्यावर जमलेल्या माणसांचे आवाज येतात. डब्यावरचा रुमाल मी काढून टाकला आहे, हिरवा दिवा दिसायला हवा म्हणून. मी हात पुसते आणि फोन वाजण्याआधीच बसते.