डाव्या हाताचा आकडा

झाशीला माझं पोस्टिंग आलं तेव्हा मी सैन्याच्या वैद्यकीय शाखेत हवालदार होतो. काम नर्सिंग असिस्टंटचं. छावणीत बारा खाटांचं एक तात्पुरतं युनिट उभं केलं होतं. भाजून पू धरलेल्या जखमांवर वनस्पतींपासून केलेलं मलम किती चालतं, हे तिथे तपासायचं होतं. मलमात कडुनिंब, हळद आणि कोरफड. झाशी शहरात खंडेराव गेटजवळ घरी गेलो की मुलं नाक मुरडायची, "पापा, आपसे अचार की बास आ रही है."

पद्धत सोपी होती. ज्याचे दोन्ही हात भाजलेत त्याच्या डाव्या हाताला नवं मलम, उजव्याला नेहमीचं. साडेसहाला मी ड्रेसिंग बदलायचो. साडेसातला युनिटचे डॉक्टर मेजरसाहेब राउंडला यायचे. ते प्रत्येकाला विचारायचे, दर्द कितना, शून्य से दस? जवान सांगेल तो आकडा मी चार्टवर लिहायचो. नियम एकच, पण कडक. डाव्या हाताचा आकडा सलग दोन दिवस सातच्या वर गेला, तर मलम बंद करायचं आणि जखम थिएटरमध्ये उघडून साफ करायची. वरून बरी दिसणारी जखम आतून सडत असेल तर ते आधी दुखण्यातूनच कळतं, असं साहेब म्हणत.

आता साहेबासमोर दुखणं सांगणारा फौजी मला दाखवा. पोटात गोळी घेऊन आलेलाही "ठीक है साब" म्हणतो. भरती झाल्यापासून आम्हाला तेच शिकवलेलं असतं. त्यामुळे बाराही चार्टवर रोज दोन नाहीतर तीन. मलम छान चाललंय म्हणून सगळे खूश होते, मीसुद्धा.

लान्स नायक दत्तू शिंगारे जवळच्या बबिनाच्या फायरिंग रेंजवरून आला. साताऱ्याकडचा, रणगाड्याचा ड्रायव्हर. रणगाड्याला आग लागली तेव्हा तो बाहेर पडला होता. गनरला ओढून काढायला त्याने पुन्हा आत हात घातले. गनर वाचला, याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. वॉर्डात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. चारचौघांत तो मला उस्ताद म्हणायचा, ड्रेसिंगला एकटे असलो की दादा.

नवव्या दिवशी पट्टी सोडताना त्याने टॉवेल दातात धरला. मी विचारलं, किती?

"आठ, दादा. डावा."

तासाभराने साहेबांनी तेच विचारलं. तो म्हणाला, "दो, साब. ठीक है." मी दोन लिहिलं.

राउंड संपल्यावर मी त्याला हटकलं. तो हसला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, दादा. मेडिकल कॅटेगरी उतरली तर मला परत रणगाड्यावर कोण बसू देणार?"

मला ते पटलं नव्हतं. पण आपल्या माणसाने विश्वासाने सांगितलेलं साहेबांच्या कानावर घालणं मला चहाडी वाटली. दहाव्या दिवशीही तेच झालं. मराठीत आठ, हिंदीत दोन. चार्टवर दोन.

अकराव्या दिवशी सोळा चाळीसला त्याला हुडहुडी भरली. ताप एकशे चार. नाडी बोटाला जेमतेम लागत होती. फोन केल्यावर साहेब सात मिनिटांत आले. त्यांनी डाव्या हाताची पट्टी कापली. वरून जखम स्वच्छ होती. बोटाने दाबल्यावर खालून हिरवट पू आला. साहेबांनी चार्ट उचलला.

"दो? कल भी दो?"

"आठ था, सर. मुझे मालूम था."

साहेबांनी चार्ट माझ्या हातात दिला. "और बाकी ग्यारह?"

बाकीच्यांना मी कधी विचारलंच नव्हतं.

स्ट्रेचर थिएटरकडे नेताना साहेबांनी वाकून विचारलं, "कैसे हो, जवान?" दत्तूचे दात वाजत होते. तरी म्हणाला, "ठीक है, साब."

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा दहाला तो गेला.

चाचणी बंद झाली. बाराही चार्ट निकामी ठरले. मलम वाईट होतं असं मी आजही म्हणणार नाही. खरा आकडा लिहिला असता तर दत्तूचा हात वेळेवर उघडला गेला असता, आणि मलमाचंही खरं-खोटं कळलं असतं. मला शिक्षा झाली. ती कमी होती असं मला वाटतं. उतारवयात झोप नीट लागत नाही, पण तक्रार कुणाकडे करणार?

अंत्यसंस्कार त्याच्या बायकोसाठी थांबवले होते. तिसऱ्या दिवशी ती दिराबरोबर आली. स्टेशनवर मीच घ्यायला गेलो होतो. छावणीच्या फाटकाशी जीप थांबली तेव्हा तिने एकच विचारलं.

"भाऊजी, लई त्रास झाला का हो त्यांना?"

खरं सांगायची मला दुसऱ्यांदा संधी मिळाली होती.

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "ठीक होते."