उलट्या जीपचा रेडिओ

आबा, माझे वडील, मला नंदुरबार स्टेशनवर सोडायला आले ते जीपनेच. तळोद्यापासून डॅशबोर्डातला रेडिओ कापसाचे भाव सांगत होता, आणि आबांनी आवाज मुद्दाम वाढवला होता, म्हणजे दोघांनाही बोलावं लागू नये. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, "पोहचना का फोन करजो." मी जर्मनीत पोचलो, फोन केला आणि तिथलाच झालो.

तुमच्यातले जे घर सोडून दूरदेशी गेले त्यांना ठाऊक आहे, आपल्या पाठीमागे घरातल्या वस्तू एकेक करून गप्प होतात. आधी रेडिओ बंद पडला, मग जीप निंबाखाली कायमची उभी राहिली. गेल्या वर्षी माय फोनवर म्हणाली, "तुन्हा आबाले आते कमीच आयकू येस. डॉक्टर म्हनस, उरेल बी जाई. तरी रोज जीपमा जाईसन बसतस." कान पुरते मिटण्याआधी आबांना त्यांचा रेडिओ ऐकवायचाच, असं ठरवून मी सुट्टीत गावी जाऊन तो जीपमधून काढला आणि कपड्यांत गुंडाळून जर्मनीला घेऊन आलो.

इथे इमारतीच्या तळघराला केलर म्हणतात. लोक तिथे सायकली ठेवतात, मी रेडिओ उघडून बसलो. आत सातपुड्याची लाल धूळ होती, ती आधी पुसली. सुकलेले कपॅसिटर बदलले, आवाजाचं बटण धुतलं, तुटलेला जोड सोल्डर केला. पण करंट दिला की फ्यूज उडे. नवा लावला, तोही उडाला. फ्यूज खाणारं हे जनावर शेजाऱ्यांच्या चेष्टेचा विषय झालं. मग एकदम आठवलं, बॅटरी बदलताना आबा दरवेळी मेकॅनिकला बजावायचे, "आमनी जीप उलटी शे, भाऊ. प्लस बॉडीले!" जुन्या गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या पत्र्याला जोडायची रीत होती. मी वायरी उलट केल्या.

आधी नुसती घरघर झाली. मग स्टेशनांच्या पट्टीमागचा पिवळा दिवा लागला आणि कुठल्याशा अनोळखी भाषेत एक बाई बोलू लागली. कोणता देश, कोणास ठाऊक! आमच्या अंगणात मुका झालेला तो डबा समुद्रापलीकडचा आवाज हवेतून वेचत होता. मी इंजिनिअर आहे, लहरी कशा येतात ते मला शिकवलंय. तरी अंगावर काटा आला.

दिवाळीत रेडिओ घेऊन गावी गेलो, तोवर आबांचे कान पुरते गेले होते. मला उशीर झाला होता. तरीही नवी बॅटरी आणून मी तो जीपमध्ये बसवला आणि जळगाव स्टेशन लावलं. आबा स्टिअरिंगशी बसले होते. त्यांना दिवा दिसला. त्यांनी सावकाश हात पुढे केला आणि स्पीकरच्या जाळीवर तळवा टेकवून डोळे मिटले.

"गाणं शे," ते म्हणाले. "ढोलकी वाजी ऱ्हायनी."

खरंच ढोलकी होती. मी आवाज वाढवला, काच थरथरली, आबा मोठ्याने हसले. घर कुठे, असं आता इथे जर्मनीत कोणी विचारलं की मी गावाचं नाव सांगतो, पण मनात येतो तो आबांचा ताल धरलेला तळवा.