बाबांच्या गाठीचं गाव

बाबांची गाठ मूत्राशयाच्या तोंडाशी होती, प्रोस्टेटला अगदी लागून. ती नेमकी कुठून सुरू झाली, ते साध्या तपासणीत कळत नव्हतं. सर्जन म्हणाले, मूत्राशयातून निघाली असेल तर मूत्राशय काढून पोटावर लघवीची पिशवी लावावी लागेल. प्रोस्टेटमधून असेल तर बहुतेक इंजेक्शन-गोळ्यांवर भागेल. तेव्हापासून बाबांचं एकच, "पिशवी लावून वावरात कसा जाऊ मी?"

गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला होता. तो खास तपासणीसाठी आम्हाला अकोल्याच्या लॅबमध्ये न्यायचा होता. ऊन तापलेलं. मेण वितळेल म्हणून आईने ठोकळा ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला. घरात कॉलेजला जाणारी मी एकटीच, पण मेण खरंच वितळेल का, ते मलाही खात्रीने सांगता आलं नाही.

शेलूबाजारहून बस निघाली. डबा माझ्या मांडीवर. गरम वाऱ्याने डोळे मिटायचे, आणि वाटायचं, बाबा दोन झालेत. एक शेजारी डुलक्या घेतायत, एक मांडीवर.

समोरच्या आजीने विचारलं, "डब्यात काय हाय वं पोरी?"

बाबाच बोलले, "मीच हाव."

"मंग झाकन उघड ना वं, गुदमरन तो!"

लॅबमधला माणूस ओलं फडकं पाहून हसला. "एवढ्या उन्हानं नाही वितळत, ताई."

काही दिवसांनी आम्ही निकालाला गेलो. लॅबमधल्या डॉक्टरबाईंनी समजावलं, पेशी बिघडली, घर सोडून गेली, तरी घरच्या काही खुणा तिच्यात राहतात. खूण सापडली की तिथे तपकिरी रंग चढतो. मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. आजवर मी त्यातून फक्त कांद्याची साल पाहिली होती. पहिल्या काचेवर मूत्राशयाची खूण शोधली होती. तिथे सगळं फिकट निळं. दुसरी काच प्रोस्टेटची. तिच्यावर तपकिरी ठिपके, दाट, वाळलेल्या तुरीच्या वावरासारखे, संध्याकाळी दिसतं तसे. मी त्यात हरवूनच गेले. हे सुंदर दिसतं, असं कुणाला सांगावं?

"काय दिसून राह्यलं, माय?"

"प्रोस्टेटमधूनच निघाली आहे, बाबा."

"म्हंजे पिशवी?"

"तिची गरज पडू नये," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुढचं सर्जन ठरवतील. पण आजार आहेच, काका. इंजेक्शन चुकवू नका."

"नाई चुकवत."

बाहेर आल्यावर बाबा लघवीला गेले. एरवी माझ्यासमोर लाजून काही न बोलता उठायचे; आज सांगून गेले. बराच वेळ लागला. मी रिपोर्ट धरून भिंतीला टेकून उभी राहिले, आणि कसलीच घाई वाटली नाही.

ओले हात धोतराला पुसत ते आले. "आपल्या जागेवरूनच होऊन राह्यलं, माय," म्हणाले. "चाल."